मास्क, जोडी, वारा

प्रिय खारूताई,

दुपारचे अडीच वाजलेत. हे पत्र लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले. एकदा नळ नीट बंद आहे का ते बघायला, एकदा पडदा ओढायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठले तेच आठवेना, म्हणून परत येऊन बसले. नवऱ्याला आणि लेकीला मीच बाहेर पिटाळलंय. जाता जाता तो म्हणाला, "भांडी घासून झाली असतील तर पुन्हा घासू नकोस." मी चिडले की आमच्याकडची भांडी जरा जास्तच लखलखतात, असं त्याचं जुनं निरीक्षण आहे. तू म्हणशील, दोन बस थांब्यांवर राहते मी, पत्र कसलं लिहितेस, ये की सरळ. येता आलं असतं. का आले नाही ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. फोन उचलशील आणि माझीच समजूत काढायला लागशील.

उद्या अकराला चौकशीची शेवटची बैठक आहे. तुलाही पत्र आलं असेलच. त्यातलं ते वाक्य मला पाठ झालंय: "सूचना मिळूनही मास्क न घालता क्लोरीन रूममध्ये प्रवेश केला." उद्या त्यावर सह्या झाल्या की तुझी रवानगी मीटर दुरुस्तीच्या गोदामात होणार. वाक्य तुझ्या सर्व्हिस बुकात कायमचं चिकटणार. सतरा वर्षं पाणी शुद्ध करणाऱ्या बाईने आता बंद पडलेल्या मीटरांना चिठ्ठ्या बांधायच्या. नदीचं पाणी बदललं की लॅबचा कागद येण्याआधी तू नुसत्या वासावरून सांगायचीस, "आज वरती कुठेतरी पाऊस झालाय." आपण हसायचो, आणि तासाभराने लॅबवाला तेच सांगत यायचा.

मला आपला पहिला दिवस आठवतोय. आपण दोघी एकाच दिवशी रुजू झालो होतो, मापाने मोठ्या हेल्मेटांत. मास्तरांनी आपल्याला फिल्टर हाउस दाखवायला नेलं आणि ते निम्म्या शिडीवर असतानाच तू वर पोचून खाली वाकून विचारलंस, "येताय ना?" तेव्हापासून तू खारूताई. मास्तर काही खरे मास्तर नव्हते, शिफ्टचे इनचार्ज होते. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण गृहपाठ विसरून आलोय असंच वाटायचं. त्यांचा आवाज कधी म्हणजे कधी चढला नाही. मोठा पंप बंद पडला आणि कंट्रोल रूममध्ये चार भोंगे एकदम वाजायला लागले त्या सकाळी मी घाबरून ओरडले होते, तेव्हा ते म्हणाले, "ओरडायला भोंगा ठेवलाय ना आपण? मग त्याचं काम त्याला करू दे." तू इतकी हसलीस की तुला बाहेर जावं लागलं. मी मात्र ते वाक्य घरी जाऊन डायरीत लिहिलं. आपल्या दोघींतला फरक तिथेच दिसायला हवा होता.

सहा वर्षांनी ते निवृत्त झाले आणि ती खुर्ची मला मिळाली. तुला का नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. तू तर सरळ सांगून टाकलंस, "मला माणसं सांभाळता येत नाहीत, पंप येतात." मी तुझं म्हणणं खरं मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. वॉकीटॉकीवर तू मला "मॅडम" म्हणायला लागलीस आणि जेवणाच्या सुट्टीत "ए बाई". त्या दोन हाकांमध्ये मी अकरा वर्षं सुखाने राहिले. माझ्या मागे सगळे मला फ्रीज म्हणतात हेही तूच सांगितलंस. वर म्हणालीस, "मी नाही हं म्हणत. मी बर्फाचा कप्पा म्हणते." मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्याचंच आज नवल वाटतंय.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. इनचार्ज झाल्यापासून मी डायरीच्या पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका देते. ज्या दिवशी कामावर माझा आवाज चढला नाही, त्या दिवशी ठिपका. चढला तर कोपरा रिकामा. अकरा वर्षांत सात कोपरे रिकामे आहेत, आणि ते सातही दिवस मला तारखेसकट सांगता येतील. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी शिफ्ट संपवून निघाले आणि ठिपका दिला. लेक एकदा डायरी हातात घेऊन म्हणाली, "आई, हे काय, तू औषध घेतेस का रोज?" मी हो म्हणाले.

आता त्या तीन शब्दांबद्दल. ते तुला सांगायची गरज नाही, पण मला ते क्रमाने लिहून बघायचं आहे. क्लोरीन रूमचा भोंगा वाजला की इनचार्जने वॉकीटॉकीवर तीन शब्द म्हणायचे: मास्क, जोडी, वारा. म्हणजे मास्क लावा, एकट्याने जाऊ नका, वारा कुठून वाहतो ते बघून त्या बाजूने जा. ऐकणाऱ्याने तेच तीन शब्द परत म्हणून दाखवायचे. मगच पाऊल उचलायचं. नियम मास्तरांचा. टेबलाच्या काचेखाली त्यांनी एक कार्ड ठेवलं होतं आणि दर वेळी त्यावर बोट ठेवून ते शब्द वाचायचे. हजारदा म्हटलेले शब्द, तरी वाचायचे. नवीन टेबल आलं तेव्हा ते कार्ड मी काढलं. तीन शब्दांना कार्ड कशाला, असं वाटलं मला. मास्तरांचा आवाज मी उचलला, ते बोट नाही उचललं.

शिवाय गेल्या उन्हाळ्यापासून त्या खोलीतला गॅस ओळखणारा सेन्सर उगाच वाजायला लागला होता. हवा दमट झाली की वाजायचा. महिन्यातून चार-चार वेळा कुणीतरी जायचं, बघायचं, बटण दाबून परत यायचं. दर वेळी मास्क चढवायचा, जोडीदार शोधायचा, म्हणून कंटाळा येऊ लागला. मग आपण सगळ्यांनी न ठरवता एक ठरवून टाकलं. मॅडमनी तीन शब्द म्हटले तर खरा गॅस. नाही म्हटले, नुसतं "बघून या" म्हणाल्या, तर सेन्सरचे नखरे. हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही, पण चारही शिफ्टना माहीत होतं. मला तर होतंच. मीच तसं बोलत होते.

त्या सोमवारी दुपारी मुख्य कार्यालयातले तीन पाहुणे कंट्रोल रूममध्ये उभे होते. मोठे साहेब त्यांना भिंतीवरचे स्क्रीन दाखवत होते. नेमका तेव्हाच नदीकाठचा दोन नंबरचा पंप बंद पडला. हॉस्पिटलचा फोन आला की त्यांच्या टाकीत पाणी चढत नाही. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पंप बदलत होते आणि मागे साहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा, चार गोष्टी एकदम चालल्यात, पण आमच्या मॅडमचा आवाज ऐका." मला ते ऐकू आलं. आणि त्याच मिनिटाला क्लोरीन रूमचा भोंगा वाजला. तू फिल्टर हाउसच्या जिन्यावर होतीस, सगळ्यात जवळ. मी वॉकीटॉकी उचलला, तुला सांगितलं, आणि परत हॉस्पिटलच्या फोनकडे वळले. चार मिनिटांनी खिडकीतून माळी ओरडताना दिसला. तू गुडघ्यांवर रांगत हौदाच्या कडेला येत होतीस. पाहुणे बाहेर धावले, साहेब धावले. मी आधी गॅस बंद करवला, रुग्णवाहिका बोलावली, दुसऱ्या शिफ्टच्या जोडीला मास्क घालून आत पाठवलं, वाऱ्याची दिशा बघून फाटकाकडची माणसं हलवली. सगळं बरोबर केलं. अहवालात त्याचं कौतुक आहे. संध्याकाळी लॉगबुक भरताना मी लिहिलं, "ऑपरेटरला सूचना दिल्या." लिहिताना माझा हात थांबला नाही. अकरा वर्षांत शेकडो वेळा मी तेच वाक्य लिहिलंय.

आणि घरी आल्यावर ठिपका दिला. हे लिहिल्यावर मी पुन्हा उठले होते. स्वयंपाकघरात जाऊन आले. ठिपका अजून आहे, खोडलेला नाही. खोडला तर तेही खोटंच होईल.

सहाव्या दिवशी चौकशीवाले हॉस्पिटलात तुझा जबाब घ्यायला आले तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. तुझा आवाज नीट फुटत नव्हता. तू म्हणालीस, "मॅडमनी सांगितलं असणारच. मलाच ऐकू आलं नसेल." त्यांनी विचारलं, असणारच म्हणजे? तू म्हणालीस, "त्या विसरत नाहीत हो." मला दारातून सगळं ऐकू आलं. मी आत येऊन तुझी उशी सारखी केली.

नंतर साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी काही वावगं सांगितलं नाही, हेही मला लिहिलं पाहिजे. एवढंच म्हणाले, "तिचाच जबाब तसा आहे. तुम्ही आता शांत राहा, उगाच काही बोलू नका. तिलाही हलकं काम मिळेल, बरंच आहे ना तब्येतीच्या दृष्टीने." पाहुण्यांवर माझी छाप पडली आहे, असंही म्हणाले. पुढच्या महिन्यात सगळ्या केंद्रांच्या नव्या इनचार्जांसमोर मी बोलायचं आहे. विषय, दडपणाखाली शांत कसं राहावं. मी तयारीला लागले, खारूताई. सात पानं लिहून झाली. तिसऱ्या पानावर मास्तरांचं भोंग्याचं वाक्य आहे. चांगलं जमलंय.

दहा दिवसांपूर्वी तुझ्याकडे आले तेव्हा तू मटार सोलत होतीस. दार उघडायला आलीस आणि एवढ्यानेच दम लागून भिंतीला टेकलीस. शिडीवरून खाली वाकून "येताय ना?" विचारणारी तू! मग टोपल्याशी बसून हसत हसत सांगितलंस की तू कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस. "म्हटलं पन्नाशीच्या आत बहिरी झाले की काय. त्याने कानाला ते काय काय लावलं, शिट्ट्या ऐकवल्या. म्हणाला, बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात तू मान खाली घालून म्हणालीस, "म्हणजे मग माझं लक्षच नव्हतं. कान चांगले असून ऐकलं नाही म्हणजे आणखीच वाईट ना गं?" तुझा नवरा आतून म्हणाला की तू आता गॅस बंद केलाय का ते चार-चारदा बघतेस, कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येतेस, रस्ता ओलांडताना त्याचा हात धरतेस. गाडीचा आवाज आला तरी तुला खात्री वाटत नाही. तू म्हणालीस, "अहो, गप्प बसा, तिला कशाला सांगताय." मी मटार सोलायला घेतले. दोघींनी मिळून टोपलं संपवलं. निघताना मी तुला म्हणाले, "काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल." किती छान, सपाट आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. वॉकीटॉकीवरचं सगळं बोलणं तिथे साठतं आणि तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, हे तुलाही माहीत आहे. पण चौकशीत कुणी ते मागितलंच नव्हतं. माझं लॉगबुक होतं, तुझा जबाब होता, दोन्ही जुळत होते. मी गेले ते तुझ्यासाठी गेले, असं मी स्वतःला सांगितलं. मला वाटलं होतं, माझा आवाज फार बारीक आला असेल, किंवा मध्ये खरखर असेल. म्हणजे मग मला सांगता येईल की ऐकू न येण्यासारखंच होतं, तिचा दोष नाही. मी ते ऐकलं. अकरा सेकंदांचं आहे. सात वेळा ऐकलं आणि घरी आले.

त्यानंतर नऊ दिवस मी काहीही केलं नाही, असं लिहिलं तर तेही पूर्ण खरं नाही. परवा शुक्रवारी मी ते रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचा अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, "कशासाठी, मॅडम?" मी म्हणाले, "चौकशीसाठी." त्याने शिक्का मारला, पोच दिली. ती पोच माझ्या पर्समध्ये आहे, आणि कालपासून मी ती पंधरा वेळा तरी काढून बघितली असेल. पण त्याआधीचे सात दिवस मी रोज कामावर गेले, हसले, वेळापत्रक लावलं, सात पानांचं आठवं पान लिहिलं. येत्या बुधवारी तीस दिवस भरत होते. मला काहीच करायचं नव्हतं. कुणाशी खोटं बोलायचं नव्हतं, काही फाडायचं नव्हतं. फक्त शांत बसायचं होतं, आणि ते मला फार चांगलं येतं. डायरी उघडून बघितली तर त्या शुक्रवारपासून कालपर्यंत नऊ ठिपके आहेत, एकाखाली एक, अगदी गोल.

मी त्या दुपारी कशाचा विचार करत होते ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. हॉस्पिटलच्या पाण्याचा? पंपाचा? तसं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी साहेबांचं वाक्य ऐकलं होतं आणि माझ्या पाठीला ते पाहुणे जाणवत होते. वॉकीटॉकी तोंडाजवळ नेताना मी माझ्या आवाजाचा विचार करत होते. तो कसा लागतोय, एवढाच. तीन शब्द म्हटले असते तर खोलीतल्या सगळ्यांना कळलं असतं की प्रकरण गंभीर असू शकतं. ते मला त्या घटकेला नको होतं. हे मला तेव्हा कळत होतं का? नाही. आज कळतंय का? बहुतेक. याहून जास्त खात्रीने मला लिहिता येत नाही.

मी समोर येऊन का सांगितलं नाही ते आता सांगते. समोर बसले असते तर मी हे त्याच आवाजात सांगितलं असतं, आणि त्या आवाजावर तू पुन्हा विश्वास ठेवला असतास. म्हणाली असतीस, "जाऊ दे गं, माझंही चुकलंच." म्हणून हे कागदावर. नवरा पाच वाजता पत्र घेऊन येईल. तुझं वाचून होईपर्यंत तो खाली थांबेल. तुला काही निरोप द्यायचा असेल तर दे, नसेल तर तसाच परत पाठव. उद्या अकराला मी ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावायला सांगणार आहे आणि लॉगबुकातलं माझं वाक्य खोटं आहे असं लिहून देणार आहे. तू त्या खोलीत असशील. चार परक्या माणसांच्या देखत तुला ते पहिल्यांदा ऐकायला लागू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. त्यावर काय आहे ते हे, अक्षरशः. मी म्हणते, "क्लोरीन रूमकडे जरा बघून ये." तू म्हणतेस, "परत तेच का, मॅडम?" मी म्हणते, "हो, तेच. सावकाश जा." तू हसतेस, आणि संपतं. मास्क नाही, जोडी नाही, वारा नाही. तू ऐकलं नाहीस असं काही झालंच नाही गं. मी बोललेच नव्हते. तू जेवढं ऐकलंस तेवढंच मी म्हटलं होतं, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. तुझे कान शाबूत आहेत, खारूताई, आणि लक्षही. आज रस्ता ओलांडताना कुणाचा हात धरू नकोस.

तुझीच,
फ्रीज